कात्सुओची पुडी : ओकायामातल्या यजमान घरातला एक दिवस

जपानी शिकणाऱ्या मुलामुलींना तिकडच्या यजमान घरी राहायला पाठवण्याआधी त्यांची तयारी करून घेणं हे माझं काम. खालचं प्रकरण अशाच एका मुक्कामातलं आहे. विद्यार्थिनी आणि यजमान जोडपं, दोघांशी सविस्तर बोलून ते लिहिलंय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती मुलगी यजमानांना तिकडच्या रीतीप्रमाणे 'ओतोसान' आणि 'ओकासान', म्हणजे बाबा आणि आई, म्हणत होती. इथे सोयीसाठी मी त्यांना काका-काकू म्हणतो.

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्याचंच दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन पश्चिम जपानात ओकायामा शहरात आहे. त्यामुळे पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना ओकायामा हे नाव तोक्यो-क्योतोच्या पाठोपाठ कानावर पडतं, आणि मुक्कामासाठी शहर निवडायचं तर बरेच जण तेच निवडतात.

ही विद्यार्थिनी सोलापूर जिल्ह्यातल्या वारकरी घरातली. गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासे-अंडी वर्ज्य, कांदा-लसूण एकादशी सोडून चालतो. जपानी एन-३ पातळीचं, म्हणजे रोजचं बोलणं जमतं आणि पाकिटावरचा मजकूर थोडा अडखळत वाचता येतो. काका-काकू दोघंही पासष्टीपुढचे, मुलं ओसाकाला. पाहुण्यांना ठेवून घेण्याचे ते पैसे घेत नाहीत, हौसेने करतात. मुक्काम शनिवार-रविवार धरून थोडक्या दिवसांचा, आणि त्यातला फिरण्याचा दिवस एकच.

त्या दिवसाचा तक्ता काकांनी हाताने आखला होता. पट्टी लावून रेघा ओढलेल्या, गाड्यांच्या वेळा लाल पेनाने. सकाळी ९ला कोराकुएन, मग पूल ओलांडून ओकायामा किल्ला, सव्वाबाराला जेवण, दुपारच्या गाडीने कुराशिकी, तिथलं ओहारा कलासंग्रहालय आणि कालव्याकाठची जुनी वखारींची वस्ती, आणि संध्याकाळी साडेसहाला शेजारची दोन कुटुंबं जेवायला. हा कागद काकांनी आदल्या रात्री तिला दोन्ही हातांनी दिला. या तपशिलाचं महत्त्व पुढे कळेल.

अर्जात आहाराच्या रकान्यात 'शाकाहारी' अशी खूण होती. स्थानिक समन्वयक बाईंनी ती यजमानांपर्यंत पोचवली होती आणि काकूंनी मनावर घेतली होती. पहिल्या रात्री भोपळ्याचे तळलेले काप, तोफू, शिजवलेल्या भाज्या आणि मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सूप. कुठे माशाचा तुकडा दिसला नाही.

अडचण

सकाळी सव्वासातला काकू सूप करत होत्या आणि ही शेजारी उभी राहून वाट्या मांडत होती. काकूंनी एक छोटी पुडी फोडून उकळत्या पाण्यात ओतली. पुडीवर लिहिलं होतं : कात्सुओ. कात्सुओ म्हणजे बोनितो मासा, आपल्याकडच्या कुप्याच्या जातकुळीतला. तो उकडून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्याने किसतात. त्या किसाचं पाणी म्हणजे दाशी. सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, बुडवून खायचं पाणी, सगळ्याच्या बुडाशी ही दाशी असते. आपल्याकडे फोडणीत हिंग पडला म्हणून कोणी त्या भाजीला हिंगाची भाजी म्हणत नाही, तसंच जपानी स्वयंपाकघरात दाशीला कोणी मासा म्हणून मोजत नाही. काकूंनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी ताटात मासा नव्हताच.

म्हणजे आदल्या रात्रीचं सूप आणि भाज्या हिने खाऊन झाल्या होत्या. आणि पुढे दुपारचं जेवण होतं. काकूंनी एका लहान, घरगुती खानावळीत आधीच तीन ताटं सांगून ठेवली होती. ताटात बाराझुशी, ओकायामाचा सणासुदीचा पदार्थ : आंबूस भातात आणि भातावर मासे, कोळंबी, कमळकाकडी, मशरूम, अंड्याच्या बारीक पट्ट्या. सांगतात की सतराव्या शतकात इथल्या इकेदा मित्सुमासा या सरदाराने प्रजेला काटकसरीचा हुकूम काढला, जेवणात एक सूप आणि एकच कालवण. लोकांनी मग सगळे जिन्नस भातातच मिसळले, म्हणजे कालवण एकच! काकूंनी खानावळीला एका ताटातले मासे काढायला सांगितलं होतं. पण भाज्या दाशीतच शिजणार होत्या.

पर्याय काय होते

वेळ फार नव्हता. नऊला कोराकुएनला पोचायचं, आणि खानावळीला काही कळवायचं तर तयारी सुरू होण्याआधी.

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. दोन दिवसांचा प्रश्न, यजमान वडीलधारे, आणि जे झालं ते नकळत झालं. घरून निघताना आजीनेच सांगितलं होतं, 'परमुलखात अडलं तर देव समजून घेतो.' पण नकळत खाणं आणि पुडी वाचल्यावर खाणं यांत फरक आहे, आणि तो तिला स्वतःशी नाकारता येईना.

दुसरा, पोट बिघडल्याची सबब. आपली बरीच मुलं हेच करतात. मी तयारीच्या वर्गात याला नेहमी विरोध करतो, कारण जपानी घरात पाहुण्याचं पोट बिघडलं की लगेच भाताची पेज, औषध, दवाखाना असं सगळं सुरू होतं. फिरणं तर रद्द होतंच, वर यजमानीण आपल्या हातचं काय बाधलं म्हणून रात्रभर झुरते.

तिसरा, आम्हाला विचारायचं. पण तेव्हा पुण्यात पहाटेचे पावणेचार वाजले होते.

चौथा, स्थानिक समन्वयक बाईंना फोन. रीतसर वाट हीच. अवघड गोष्ट तिसऱ्या माणसाने पोचवली की दोघांचाही मान राहतो, आणि जपानात अशा मध्यस्थीत कुणाला काही वावगं वाटत नाही. पण त्या बाई काकूंना फोन करणार, आधी माफी मागणार, आणि स्वयंपाकघरातली एक साधी गोष्ट तक्रार होऊन बसणार, असं हिला वाटलं.

पाचवा, आत्ता, इथेच काकूंना सांगणं. तिने तो निवडला. मी मध्यस्थाकडेच गेलो असतो. पण ती त्या स्वयंपाकघरात उभी होती, मी नव्हतो.

काय केलं

तिने पुडी हातात घेतली, 'ओकासान, मी अर्जात नीट लिहिलं नव्हतं,' असं म्हणून दोष आधी स्वतःकडे घेतला, आणि गळ्यातली माळ दाखवली. पंढरपूरच्या विठोबाची माळ, ती घातली की मासा चालत नाही, माशाचं पाणीसुद्धा नाही. आदल्या रात्रीबद्दल ती काही बोलली नाही.

काकूंनी गॅस बंद केला. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग दोनच प्रश्न विचारले : कोंबू चालतं का? शिइताके चालतं का? पहिलं समुद्री शेवाळ, दुसरं वाळलेलं मशरूम. दोन्ही चालतं म्हटल्यावर त्यांना सासूबाई आठवल्या. घरात श्राद्ध असलं की सासूबाई शोजिनचं, म्हणजे बौद्ध मठातल्या धर्तीवरचं जेवण करायच्या. त्यात मासा नाही, म्हणून दाशी कोंबू आणि शिइताकेची. सासूबाई गेल्यापासून काकूंनी ती केली नव्हती. त्यांनी कपाटातून कोंबूची पट्टी काढली, ओल्या फडक्याने पुसली, मूठभर शिइताके घेतले आणि दोन्ही गार पाण्याच्या पातेल्यात टाकून झाकण ठेवलं. ती दाशी घाईने होत नाही. तासन् तास भिजवावं लागतं, आणि पाणी उकळायच्या आत कोंबू बाहेर काढावं लागतं, नाहीतर उग्र वास येतो. म्हणजे ती संध्याकाळची सोय होती. नाश्त्याला भात, उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा साधा भाजलेला पापुद्रा. नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, त्याबरोबरची चटणीची छोटी पुडी काकूंनी स्वतःच बाजूला केली, तिच्यातही कात्सुओ निघाला.

दहाच्या सुमाराला बागेतून काकूंनी खानावळीला फोन लावला. ऐनवेळी ताट रद्द करणं लहान खानावळीला फार लागतं आणि ओळखीचं नातं त्यात खराब होतं, म्हणून रद्द करायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. तीन ताटं तीनच राहतील, पैसे तेच, फक्त एका ताटात पांढरा भात, लोणची आणि वर कात्सुओचा कीस न घातलेला गार तोफू ठेवा. खानावळवाल्यांनी हो म्हटलं. पानावर बसल्यावर सांगितलं असतं तर ते बहुतेक जमलं नसतं.

दुसरा निर्णय : कुराशिकी

नाश्त्याच्या वेळी बोलता बोलता मुलीने सुचवलं की संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी मीही काही करते, बॅगेत घरचा गोडा मसाला आहे. काकू खूश झाल्या. पण दोघींचा स्वयंपाक, वर बाजार, म्हणजे निदान तीन तास. कुराशिकीला जाऊन ते होणार नव्हतं. नुसत्या कालव्यावरून फेरी मारून परत यायचं, संग्रहालय सोडायचं, असाही विचार झाला. गाडीला पाव तासाच्या आसपासच लागतो. पण काकूंचं म्हणणं, संग्रहालय सोडून कुराशिकी कशाला? स्वयंपाक दुसऱ्या दिवशी करायचा तर दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. म्हणून कुराशिकी गेलं.

हा निर्णय स्वयंपाकघरात दोघींत झाला. काका तेव्हा बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते.

त्यांना ते कळलं कोराकुएनमध्ये. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली ही बाग करायला घेतली, १७००पर्यंत ती आकाराला आली. जपानच्या नावाजलेल्या तीन बागांत ती धरतात, आणि जपानी बागेत सहसा न दिसणारी मोठमोठी हिरवळ इथे आहे, मधे भाताची खाचरं आणि चहाचा मळाही. तिच्यात र्‍यूतेन नावाची एक उघडी मांडवासारखी इमारत आहे. तिच्या खालच्या मजल्यातून ओहोळ वाहतो, त्यात रंगीत दगड बसवलेत, आणि दोन्ही कडांना फळ्यांवर बसता येतं. तिथे बसून काकांनी विचारलं, पुण्याच्या बागेत काय आहे? हिने सांगितलं, पाणी कालव्याचं आहे, हिरवळीवर बसू देत नाहीत आणि तरी लोक बसतात. काका हसले. मग काकूंनी सांगितलं की कुराशिकी राहू द्या.

काकांनी तक्ता खिशातून काढला, पाहिला, घडी घातली आणि परत ठेवला. 'तसं तर तसं,' एवढंच म्हणाले. त्यांना ओहारा संग्रहालयात तिला एल ग्रेकोचं चित्र दाखवायचं होतं. १९३०मध्ये एका कुराशिकीच्या गिरणीमालकाने उभं केलेलं ते पाश्चात्त्य कलेचं जपानमधलं पहिलं संग्रहालय, आणि काकांच्या दृष्टीने त्या प्रदेशाच्या अभिमानाची जागा. त्यापुढे किल्ला बघताना ते फार बोलले नाहीत. काळ्या भिंतींमुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. मूळ बुरूज १५९७चा, २९ जून १९४५च्या बॉम्बवर्षावात जळाला, आजचा १९६६चा काँक्रीटचा. फक्त पुलावर थांबून त्यांनी खाली आसाही नदीकडे बोट केलं. त्या रात्री त्यांची आई इथे पाण्यात उतरून वाचली होती. तक्त्यात पुलासाठी वेळ धरलेली नव्हती.

जेवण ठरल्याप्रमाणे झालं. काका-काकूंनी बाराझुशी खाल्ली, हिने भात आणि तोफू.

बाजार आणि संध्याकाळ

दुपारी सुपरमार्केटमध्ये काकांना पुन्हा काम मिळालं. ट्रॉली ढकलत, चष्मा कपाळावर चढवून ते प्रत्येक पाकिटाची मागची बारीक अक्षरं वाचत होते. त्यातून जे हाती आलं ते पुढच्या प्रत्येक तुकडीला उपयोगी पडेल असं आहे. जपानी पाकिटांवर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यात अंडी, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा सापडतील. कात्सुओ त्यात नाही. तो शोधायचा तर जिन्नसांची पूर्ण यादीच वाचावी लागते. नूडल्सच्या तयार रश्शात तो निघाला. मिसोच्या एका डब्यात दाशी आधीच मिसळलेली होती, तो परत ठेवून साधा घेतला. भाजीच्या चित्राचं जपानी करीच्या मसाल्याचं पाकीट काकांनी मोठ्या विजयाने उचललं आणि तेवढ्याच विजयाने परत ठेवलं : बैलाची चरबी. शेवटी वांगी, गाजर, मटार, काकडी, शेंगदाणे आणि कमळकाकडी घेऊन तिघं घरी आली.

स्वयंपाकघरात एका शेगडीवर काकू भिजवलेल्या कोंबू-शिइताकेच्या पाण्यात भाज्या शिजवत होत्या. मासे-अंडी न घालता त्यांनी बाराझुशी केली. दुसरीवर हिचा मसालेभात. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, त्यामुळे पाणी कमी घालूनही भाताचा गोळाच झाला. मोहरी तडतडली, हिंग पडला तसा काकांनी येऊन खिडकी उघडली आणि पंखा वाढवला, पण परत गेले नाहीत, शेंगदाण्याचं कूट करत बसले. भात झाल्यावर काकूंनी विचारलं, यात काय काय आहे, कांदा आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी एका छोट्या वाटीत तो घेतला आणि आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्यात सासू-सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवून घंटा वाजवली. हिला काही सांगायची गरज पडली नाही. घरी नैवेद्य तीच दाखवते.

जेवताना मात्र भाताकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. शेजारचे एक गृहस्थ निवृत्तीनंतर शिकोकूची ८८ मंदिरांची परिक्रमा टप्प्याटप्प्याने करत होते. सेतो महापूल १९८८मध्ये झाल्यापासून शिकोकू बेट ओकायामाहून गाडीने गाठता येतं. ती परिक्रमा साधारण बाराशे किलोमीटरची, पांढरा पोशाख, हातात काठी. काठी म्हणजे कोबो दाइशी हे संतच सोबत चालताहेत, म्हणून रात्री मुक्कामी पोचल्यावर आपल्या पायांआधी काठीचं टोक धुवायचं. वाटेतले गावकरी यात्रेकरूंना संत्री, भाताचे गोळे देतात आणि ते नाकारायचं नसतं. हिने आषाढी वारीचं सांगितलं : आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिंडी, गावोगावच्या पंगती, आणि पालखीत ज्ञानोबांच्या पादुका, म्हणजे तेही सोबत चालतातच. गृहस्थांनी विचारलं, एवढे लाखो लोक एकदम? मग एकटं कधी चालता? तिला उत्तर सुचलं नाही. तिने ते प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्यावर बराच वेळ बोलणं चाललं. पाहुणे ठरल्यापेक्षा बरेच उशिरा उठले.

परिणाम

मुक्काम चांगला संपला. काकूंनी नंतर समन्वयक बाईंना कळवलं की पुढच्या वेळी कळलं तर आधीच कोंबू भिजवून ठेवते. खानावळीचं नातंही शाबूत राहिलं. काका मात्र आमच्याशी बोलताना दोनदा म्हणाले की कुराशिकी राहिलं. त्यात राग नव्हता, पण ते विसरलेलेही नाहीत. मुलीला याची तेव्हा कल्पना आली नव्हती, बाजारातला उत्साह पाहून तिला वाटलं काका सावरले.

पुन्हा करायचं तर

अर्जातला 'शाकाहारी' हा रकाना आम्ही काढून टाकला. आता विचारतो : माशाच्या दाशीत शिजलेली भाजी चालते का? अंडं? जनावराची चरबी? कांदा-लसूण? उत्तरं जपानीत, जिन्नसांच्या नावांसकट यजमानांकडे जातात, आणि कोंबू-शिइताकेची दाशी चालेल हे आम्हीच सुचवतो.

तक्ता ज्याने आखला, बेत बदलायचा तर आधी त्याला विचारायचं. नाश्त्याच्या टेबलावर काकांना बोलावून घेतलं असतं तर कदाचित बागेला कात्री लागली असती आणि कुराशिकी वाचलं असतं. कोराकुएनची थोडीफार ओळख पुण्यात झालेली होती, ओहारासारखं काही इथे नाही. दोन पर्यायांत निवडायचं तर ते काकांनी निवडायला हवं होतं.

पाहुणीने स्वयंपाकाची तयारी दाखवायची तर ती पोचल्या दिवशी, म्हणजे दिवस आखतानाच तिला जागा करता येते. आम्ही आता हे यजमानांना पत्रातच कळवतो.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. पहिल्या रात्रीच्या सूपाबद्दल ती गप्प राहिली. माझ्या सहकारी बाईंच्या मते तेही सांगायला हवं होतं. काकू काही लहान नाहीत, पुडी पाहिल्यावर त्यांना ते कळलंच असणार, आणि न बोलल्यामुळे ते त्यांच्या मनात राहिलं असणार. मला वाटतं, कळलं असेल तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थही त्यांना कळला. काकूंना आम्ही हे विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.